परक्या झाडांचा ठावठिकाणा शोधणारे आघारकर

नागपूरहून निघून कामठी मागे टाकली की कन्हान नदीचा पूल लागतो. पलीकडच्या काठावर नदीचेच नाव धारण केलेले कन्हान गाव आहे. छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत उगम पावलेली ही नदी पेंचेला सोबत घेऊन येथे येते, नागपूरकरांच्या नळांना पाणी पुरवते आणि पुढे वैनगंगेला जाऊन मिळते. पावसाळा सरत आला असताना या परिसरातून, रेल्वेमार्गाच्या कडेने किंवा एखाद्या नाल्याच्या काठाने सहज फेरफटका मारावा. मोकळ्या जागी कमरेएवढे माजलेले गाजर गवत दिसते. ओलसर जागी फिकट जांभळ्या फुलांची बेशरम उभी असते. बांधावर घाणेरीचे, म्हणजे विदर्भातल्या रायमुनियाचे जाळे पसरलेले असते. या तिन्ही वनस्पती आपल्या इतक्या परिचयाच्या आहेत, की त्या आपल्या नाहीत हे कोणी सांगितले तर पटकन विश्वास बसणार नाही. पण तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाच्या रहिवासी. त्यांच्या जोडीला चौथी आहे जलपर्णी. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे. चंद्रपूर-भंडाऱ्याकडे तिला इकोर्निया म्हणतात. चंद्रपूरच्या रामाळा तलावाने तिचा विळखा अनुभवला आहे आणि नागपूरच्या अंबाझरीलाही गेल्या काही वर्षांत तो चुकलेला नाही.

एखादी वनस्पती मूळची कुठली, ती येथवर कशी आली आणि येथे आल्यावर पसरली कशी, हे प्रश्न आज पर्यावरणाच्या प्रत्येक चर्चेत विचारले जातात. शंभर वर्षांपूर्वी ते फारसे कोणी विचारत नव्हते. त्या काळात ज्या मराठी शास्त्रज्ञाने हेच प्रश्न आपल्या अभ्यासाचा विषय केले, त्यांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

पुण्यात हे नाव सर्वांच्या कानावरून गेलेले असते, पण त्याभोवती एक गोंधळही आहे. आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर उभी आहे, त्या रस्त्याला गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे. त्यामुळे सुधारककार आगरकरांच्या स्मरणार्थच ही संस्था उभी राहिली असावी, असा अनेकांचा समज होतो. दोन्ही व्यक्ती वेगळ्या, दोघांची कार्यक्षेत्रे वेगळी. सुधारककार १८९५ साली निवर्तले, तेव्हा शंकर आघारकर जेमतेम दहा वर्षांचे होते. एकाने समाजात रूढ झालेल्या गोष्टींचे मूळ तपासले, तर दुसऱ्याने निसर्गात रूढ झालेल्या वनस्पतींचे.

सह्याद्रीतले गोड्या पाण्यातले जेलीफिश

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणचा. ज्या किनाऱ्यावर ते जन्मले, तो किनाराच परक्या वनस्पतींच्या आगमनाची जुनी पेठ होता. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेला काजू कोकणच्या डोंगरांवर असा काही रुजला, की आज काजूवाचून कोकणी माणसाची कल्पनाही करवत नाही. मिरची, पेरू, अननस, पपई ही सगळी त्याच समुद्रमार्गाची देणगी. बाहेरून आलेले सगळेच वाईट नसते, हा धडा मालवणच्या माणसाला मुद्दाम शिकवावा लागत नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि तेथेच काही काळ अध्यापन केले. त्या दिवसांत प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांच्यातील भिंती आजच्याइतक्या उंच नव्हत्या. सुट्टीत सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून हिंडावे, नमुने गोळा करावेत आणि कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील तज्ज्ञांकडे धाडावेत, असा या तरुण प्राध्यापकाचा क्रम होता. अशाच भटकंतीत, सातारा जिल्ह्यात कृष्णेला मिळणाऱ्या डोंगरी नद्यांच्या पाण्यात त्यांना एक इवलासा, पारदर्शक, छत्रीसारखा जीव आढळला. ते होते गोड्या पाण्यातले जेलीफिश. जेलीफिश हा समुद्राचा जीव, तो घाटातल्या नदीत कसा? इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. १९११-१२ च्या सुमारास या शोधाची जगभरच्या शास्त्रज्ञांत चर्चा झाली, कारण या जातीचे भाईबंद तोवर केवळ आफ्रिकेतूनच ठाऊक होते.

आफ्रिकेतील सरोवरांत आढळणाऱ्या जीवाचा सख्खा नातेवाईक सह्याद्रीत आढळावा, मध्ये अवघा समुद्र असावा, याचा अर्थ काय लावायचा? एखादा जीव एखाद्या ठिकाणी का आहे, हा प्रश्न त्या ठिकाणापुरता पाहून सुटत नाही, तर त्याच्या प्रवासाचा इतिहास तपासावा लागतो. आघारकरांच्या पुढील सर्व अभ्यासाचे सूत्र येथेच हाती लागलेले दिसते.

बर्लिन, युद्ध आणि वाळवंटी झुडपे

१९१३ साली विख्यात कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपयांची देणगी दिली. तीतून विज्ञानाची अध्यासने निर्माण व्हावीत आणि त्यांवर भारतीय प्राध्यापकच नेमले जावेत, अशी त्यांची अट होती. विद्येच्या क्षेत्रातही वरिष्ठ जागा गोऱ्यांसाठी राखीव असण्याचा तो काळ. आशुतोष मुखर्जींनी या देणगीचे सोने केले. वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी त्यांनी निवड केली ती तिशीही न ओलांडलेल्या आघारकरांची. नेमणुकीपाठोपाठ उच्च अध्ययनासाठी आघारकर १९१४ मध्ये जर्मनीला रवाना झाले.

ते तेथे पोचले आणि महायुद्धाचा भडका उडाला. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन म्हणजे जर्मनीच्या दृष्टीने शत्रूचा माणूस. ज्या साम्राज्यात आपल्या देशबांधवांना बरोबरीची जागा नव्हती, त्याच साम्राज्याचा घटक म्हणून आघारकरांच्या नशिबी जर्मनीत स्थानबद्धता आली. भौतिकशास्त्राच्या घोष अध्यासनावर नेमलेले देवेंद्रमोहन बोस हेही युद्धामुळे बर्लिनमध्ये अडकून पडले होते. उमेदीची वर्षे अशी परदेशात, अनिश्चिततेत जात असताना आघारकरांनी अभ्यासाचा धागा मात्र सुटू दिला नाही. सुटकेनंतर त्यांनी बर्लिन विद्यापीठात ॲडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली काम पूर्ण केले आणि १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. एंग्लर म्हणजे त्या काळातील वनस्पति-भूगोलाचे अग्रगण्य नाव. जगातील कोणत्या भागात कोणती वनस्पती आढळते आणि का, याची शास्त्रशुद्ध मांडणी करणाऱ्या परंपरेचे ते धुरीण.

आघारकरांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय पाहण्यासारखा आहे. वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशातल्या वनस्पती कोणत्या साधनांनी पसरतात आणि त्या मूळच्या कुठल्या, हा तो विषय. कोणाच्या बियांना पंखासारखे पापुद्रे असतात, कोणाच्या फळांना जनावरांच्या लोकरीत अडकणारे काटे असतात, काही पक्ष्यांच्या पोटातून प्रवास करतात, तर काही माणसाच्या सामानातून. ही साधने ओळखली की ती वनस्पती कोणत्या दिशेने आली असेल याचा अंदाज बांधता येतो. राजस्थान, सिंध आणि पंजाबातील झुडपांचे नाते एकीकडे भारताच्या अंतर्भागाशी आणि दुसरीकडे अरबस्तान-आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्याशी कसे जुळते, याचा हा शोध १९२० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. वनस्पतीला पाय नसले तरी तिला प्रवास असतो, आणि तो प्रवास पुराव्याने सिद्ध करता येतो, हे त्यातून दिसले.

बंगालची जर्मन पाना

आघारकर कलकत्त्याला परतले तेव्हा बंगाल एका विलक्षण संकटात सापडला होता. खाड्या, बिले, कालवे आणि भातखाचरे फिकट जांभळ्या फुलांच्या एका पाणवनस्पतीने व्यापून टाकली होती. फुलांच्या देखणेपणामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागांसाठी आणलेली जलपर्णी कुंपण ओलांडून बाहेर पडली होती. अनुकूल परिस्थितीत हिची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. एका रोपाच्या बगलेतून धावणारे आडवे खोड फुटते, त्याच्या टोकाला दुसरे रोप धरते आणि बघता बघता पाण्यावर हिरवे जाजम अंथरले जाते. त्याखाली सूर्यप्रकाश पोचत नाही. पाण्यातल्या मूळच्या वनस्पती प्रकाशावाचून मरतात, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी आटते. होड्या अडकू लागल्या, पुराबरोबर वाहत आलेले तिचे तांडे उभ्या भातात घुसू लागले. शेतकरी आणि कोळी दोघेही हवालदिल झाले.

लोकांनी या वनस्पतीला नाव दिले जर्मन पाना. युद्धाच्या काळात शत्रूने बंगालचे पाणी नासवण्यासाठी ती मुद्दाम आणून टाकली, अशी अफवा त्या नावामागे होती. ज्या आघारकरांनी युद्धकाळात जर्मनीत स्थानबद्धता भोगली, त्यांच्या कानावर हे नाव रोज पडत असणार. या नावात आणखी एक गंमत दडलेली होती. वनस्पती जर्मन नव्हती, पण तिच्या शास्त्रीय नावाचे मूळ मात्र बर्लिनचेच होते. कुंथ या बर्लिनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात आइखहॉर्न नावाच्या प्रशियाच्या मंत्र्याच्या सन्मानार्थ तिच्या प्रजातीला हे नाव बहाल केले होते. आज भंडारा-चंद्रपूरकडचा ढिवर समाज जिला सहजपणे इकोर्निया म्हणतो, त्या शब्दात त्या विस्मृत मंत्र्याचे नाव अजून जिवंत आहे.

सरकारने १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. फवारे मारावेत की मजूर लावून उपटावे, खर्च कोणी करावा, जबाबदारी जमीनदाराची की रयतेची, यावर वर्षानुवर्षे खल चालला. १९३६ मध्ये बंगालने जलपर्णीविरुद्ध खास कायदाच केला आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत तिचे निर्मूलन हा राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांतील विषय झाला. एखाद्या पाणवनस्पतीने निवडणुकीच्या फडात उतरावे, हे भारताच्या इतिहासात अपूर्वच म्हणावे लागेल.

छोटा प्रश्न, मोठे महत्त्व

या सगळ्या गदारोळात आघारकरांनी एक साधा, नेमका प्रश्न हाती घेतला. ही वनस्पती केवळ खोड फुटूनच वाढते, की तिला बीही धरते? धरत असेल तर परागीभवन कसे होते आणि बी तयार होते कसे? आपले सहकारी बॅनर्जी यांच्यासह त्यांनी या विषयावर केलेला अभ्यास १९३० मध्ये भारतीय शेतीविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वरवर पाहता हा प्रश्न पुस्तकी वाटेल. तलाव भरून गेला असताना फुलातल्या परागांची मोजदाद कशाला? पण सगळ्या उपायांचे यशापयश याच उत्तरावर अवलंबून होते. वनस्पती केवळ खोडाने वाढत असेल, तर एकदा नीट उपटून टाकली की काम संपले. ती बियांनीही वाढत असेल, तर उपटून स्वच्छ केलेल्या पाण्याच्या तळाशी शत्रू दबा धरून बसलेलाच असतो. पुढे जगभर झालेल्या अभ्यासांतून हे चित्र अधिक स्पष्ट झाले आहे. जलपर्णीचे फूल अल्पकाळ फुलते, नंतर फुलांचा दांडा वाकून पाण्याखाली जातो आणि तेथे बोंड पिकून बारीक बी चिखलात उतरते. हे बी पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठचा चिखल उघडा पडला, त्यावर ऊन पडले की ते रुजते. आपल्या मायभूमीत या वनस्पतीची फुले तीन प्रकारची असतात, त्यांतील स्त्रीकेसराची लांबी निरनिराळी असते. परदेशात मात्र बहुतेक ठिकाणी त्यांपैकी मध्यम लांबीचा एकच प्रकार पोचला आहे. नेहमीचे परागवाहक कीटकही सोबत आलेले नाहीत. त्यामुळे बी तुलनेने कमी धरते, पण जे धरते ते पुरेसे ठरते.

विदर्भातील तलावांचा वार्षिक क्रम यापुढे ठेवून पाहावा. पावसाळ्यात तुडुंब, उन्हाळ्यात काठ उघडे. जलपर्णीच्या बियांना रुजण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था दुसरी नाही. यंत्रे लावून, लाखो रुपये खर्चून एका हंगामात तलाव स्वच्छ करायचा, छायाचित्रे छापून आणायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा हिरवा गालिचा पाहून आश्चर्य करायचे, हा प्रकार आपल्या अनेक शहरांच्या अंगवळणी पडला आहे. जो प्रश्न आघारकरांनी १९३० पूर्वीच विचारला होता, तो न विचारल्याची ही किंमत आहे.

आघारकरांना अशा मूलभूत प्रश्नांचेच वेड होते. १९३५ मध्ये भादुरी यांच्यासह त्यांनी केळीच्या कुळातील गुणसूत्रांच्या संख्येवर लेखन केले. केळ आणि जलपर्णी या दोन्ही मुख्यतः खोडापासून नवे रोप देणाऱ्या वनस्पती. पण एक माणसाने जपली तरच पसरते, तर दुसरी माणसाने कितीही हाकलली तरी हटत नाही. दोघींच्या वाढीचे गणित उलगडू पाहणारा शास्त्रज्ञ मात्र एकच होता.

याच काळात त्यांनी नेपाळपर्यंत भ्रमंती करून वनस्पतींचे नमुने गोळा केले. विज्ञान परिषदेच्या संघटनेचा भार त्यांनी अनेक वर्षे वाहिला आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या, म्हणजे आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पायाभरणीत चिटणीस म्हणून काम केले. भारतीय शास्त्रज्ञांनी एकमेकांशी बोलावे, एकमेकांचे काम तपासावे, यासाठीची ही खटपट होती. अशा कामाचे श्रेय इतिहासात सहसा कमीच नोंदले जाते.

बंगालचे रोप महाराष्ट्रात

१९४६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर आघारकरांनी विश्रांती घेतली असती तर कोणी नाव ठेवले नसते. पण साठी ओलांडलेला हा माणूस पुण्यात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये उभारलेली विज्ञानवर्धिनी संस्था त्यांनी जवळून पाहिली होती. त्याच संस्थेत सी. व्ही. रामन यांनी जगाला चकित करणारे काम केले होते. तसे एखादे रोप महाराष्ट्राच्या मातीत लावावे, असा हा प्रयत्न. आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्या जबाबदारीवर राहिले. २ सप्टेंबर १९६० रोजी, महाराष्ट्र राज्याच्या जन्मानंतर अवघ्या चार महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये संस्थेच्या संशोधन विभागाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पुण्यातील वास्तव्यातच, १९५५ साली, पुण्याच्या आसपास एक नवे तण भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेच्या रोल्ला शेषगिरी राव यांच्या नजरेस पडले. १९५६ मध्ये त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. तेच गाजर गवत. त्याआधीच्या काही तुरळक नोंदी पुढे उजेडात आल्या, पण देशभर फैलावाची कहाणी सुरू होते ती पुण्यापासून. पुण्याहून निघालेले हे तण काही दशकांत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पोचले. एका रोपाला हजारो बारीक बिया. वारा, पाणी, मालमोटारी, वाळू आणि शेणखत ही सगळी त्यांची वाहने. वायव्य भारतातल्या झुडपांबाबत आघारकरांनी प्रसाराच्या ज्या साधनांचा अभ्यास केला होता, त्याचा जणू जिवंत पाठच त्यांच्या दारात सुरू झाला होता.

बंगालने जलपर्णीला जर्मन ठरवले, तसे आपण या गवताला काँग्रेस गवत म्हणालो. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर ते आले असे म्हणत पी. एल. ४८० च्या करारावर बोट ठेवले. परक्या वनस्पतीला राजकीय नाव चिकटवले की राग काढायला जागा मिळते, पण तण हटत नाही. त्यासाठी ते कसे पसरते आणि त्याला आवर कोण घालतो, हेच शोधावे लागते. मायभूमीत या वनस्पतींना खाणारे कीटक असतात, रोग असतात. परदेशात ते शत्रू मागेच राहतात आणि आपल्या मूळच्या वनस्पतींना मात्र आपले सगळे शत्रू अंगावर वागवत झुंजावे लागते. सामना असा विषम असतो. हे उमगल्यावर १९८० च्या दशकात गाजर गवतावर मेक्सिकोतील भुंगे आणि जलपर्णीवर दक्षिण अमेरिकेतील सोंडकिडे काटेकोर चाचण्यांनंतर भारतात आणून सोडण्यात आले. नागपूरच्या शेजारी जबलपूरला असलेल्या तण संशोधन संस्थेने हे भुंगे वाढवून वाटण्याचे काम केले आहे. हीच संस्था आणखी एक उपाय सुचवते. गाजर गवताच्या जागी तरोट्याचे बी फेकावे. तो दाट उगवतो आणि गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. विदर्भातला हा तरोटा म्हणजे मालवणचा टाकळा. दोन्हीकडे पहिल्या पावसानंतर त्याची भाजी घरोघरी होते.

नोंदीचे मोल

आघारकरांच्या संस्थेतील वनस्पतिसंग्रहात वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेले असंख्य नमुने आहेत. कोणती वनस्पती, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला सापडली, हे प्रत्येक कागदावर लिहिलेले असते. सामान्य माणसाला हा पाचोळा वाटेल. पण अमुक वर्षापूर्वी अमुक तण या जिल्ह्यात नव्हते, हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, त्यात गाजर गवत नाही. ही अनुपस्थिती हाच पुरावा. संस्थेतील वा. द. वर्तक यांनी पुढे माधव गाडगीळ यांच्यासह १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. मूळच्या वनस्पती कुठे टिकून आहेत याची ती नोंद होती. आक्रमकांची यादी करायची तर आधी मूळ रहिवाशांची यादी हवी, हे शहाणपण त्यामागे होते.

आणि याच संस्थेने गव्हाबरोबर सोयाबीनचेही वाण विकसित केले. सोयाबीन हे पूर्व आशियातून आलेले पीक, तेही परकेच. आज विदर्भातल्या लक्षावधी एकरांवर ते उभे असते. ते बांध ओलांडून रानात घुसत नाही आणि दुसऱ्या कोणाची जागा बळकावत नाही. बाहेरून आलेले प्रत्येक झाड शत्रू नसते आणि देखणे दिसणारे प्रत्येक फूल मित्र नसते. फरक वर्तनात असतो आणि वर्तन पाहूनच तो कळतो. परक्या आक्रमक प्रजातींवर २०२३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अहवालानेही हेच सांगितले आहे. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांहून अधिक प्रजातींपैकी सुमारे साडेतीन हजार प्रजाती अपायकारक ठरल्या आहेत. म्हणजे दहातील एक. पण नोंदलेल्या नामशेष प्रजातींपैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत या एकीचा हात आहे.

पूर्व विदर्भात या विचाराचे एक आशादायक उदाहरण घडले आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील काही मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी एकत्र येऊन बेशरम मुळासकट उपटली. एवढ्यावर न थांबता त्यांनी त्या जागी मूळच्या पाणवनस्पती शोधून आणून लावल्या. कोणत्या वनस्पतीपाशी कोणता मासा अंडी घालतो आणि कोणता पक्षी घरटे करतो, हे त्यांना परंपरेने ठाऊक होते. रिकामी जागा तशीच सोडली तर तीच आक्रमक पुन्हा येते, ती मूळच्यांनी भरून काढावी लागते, हे त्यांनी करून दाखवले. आघारकरांनी पुस्तकांतून आणि सूक्ष्मदर्शकातून ज्या दिशेने पाहिले, त्याच दिशेला हे लोक पाण्यात उतरून पोचले.

कन्हानच्या पुलावर पुन्हा यावे. नागपूरचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी पुढे याच कन्हानला मिळते आणि कन्हान ते वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयाकडे घेऊन जाते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे आवडते खाद्य. शहरात नळ सोडणाऱ्या प्रत्येक घराचा त्या खुराकात वाटा असतो. जलपर्णी ॲमेझॉनहून आली हे खरे, पण तिला पोसतो आपण. खालच्या गावचा ढिवर जाळे टाकायला जातो तेव्हा त्याच्या जाळ्यात मासळीऐवजी तीच येते.

आघारकरांचे नाव आज एका संस्थेच्या फाटकावर आहे आणि तेथेही शेजारच्या रस्त्याच्या नावाशी त्याची गल्लत होते. त्यांनी आयुष्यभर विचारलेले प्रश्न मात्र प्रत्येक नगरपालिकेच्या टेबलावर असायला हवेत. तलाव स्वच्छ करण्याचा पुढचा ठेका देण्यापूर्वी चिखलात बी किती आहे, पाण्यात नत्र कुठून येते आणि मोकळ्या होणाऱ्या जागेत कोणती इथली वनस्पती लावायची, एवढे तीन प्रश्न जरी विचारले गेले, तरी मालवणच्या त्या शास्त्रज्ञाचे स्मरण सार्थकी लागेल.